वानगी दाखव

माझे वडील चिखलीच्या बाजारात धान्याच्या पोत्यांवर मार्का मारतात. पत्र्याचा साचा ठेवायचा, काळ्या शाईत बुडवलेला बोळा फिरवायचा, की व्यापाऱ्याची इंग्रजी अक्षरं उमटली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. पण सव्वीसही अक्षरं ते गावातली माणसं ओळखावीत तशी ओळखतात.

संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या डाव्या तळहातावर साच्यातून उमटवलेली त्या दिवशीची तीन अक्षरं असतात. ती तिन्ही ज्यात येतील असा लांबलचक इंग्रजी शब्द मी शोधायचा, हा आमचा माझ्या पाचवीपासूनचा खेळ. शब्द पटेपर्यंत ते हात धूत नाहीत आणि हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत. त्यामुळे खरी परीक्षा आईची. "ताट थंड होऊन राह्यलं," एवढंच ती म्हणते.

नुसता शब्द चालत नाही. बाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात आणि माल जोखतात, ती वानगी. वडिलांना शब्दाचीही वानगी लागते. एकदा पी, सी, टी आली. मी 'प्रोक्रॅस्टिनेशन' काढला, पंधरा अक्षरी. अर्थ सांगितला, आजचं काम उद्यावर ढकलणं.

"वजन भरलं. आता वानगी दाखव."

मी मोरीच्या निखळलेल्या दाराकडे बोट केलं. ते दिवाळीपासून उद्या बसणार होतं. वडील गुपचूप हात धुवायला गेले आणि रविवारी दार बसलं.

शिक्षिका व्हायला निघाले तेव्हा मात्र मी हे सगळं विसरले. दोन शाळांनी माझा नमुना पाठ पाहून नकार दिला. तिसरी शाळा साखरखेर्ड्याच्या वाटेवरची. इथंही जमलं नाही तर शिकवण्याचा नादच सोडायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. राग माझ्या नाकावरच असतो.

फळ्यावर मी मोठमोठे शब्द लिहीत सुटले. शेवटचा 'इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी', एकोणीस अक्षरी. मागच्या बाकावरची मुलगी उठली.

"मॅडम, म्हंजे काय?"

"आकलनातीतता."

वर्गाचे चेहरे आणखी पडले. मागं बसून पाठ पाहणाऱ्या मुख्याध्यापिकांनी पेनाला टोपण लावलं. का कुणास ठाऊक, मला वडिलांचा शाईनं माखलेला हात आठवला.

"म्हणजे काहीही न समजणं," मी म्हणाले. "वानगी म्हणून, गेली दहा मिनिटं मी जे शिकवलं ते."

मुलं हसली. मुख्याध्यापिकाही हसल्या आणि त्यांनी टोपण काढलं. उरलेला तास मुलांनीच मला फळ्यावरच्या शब्दांच्या घरादारातल्या वानग्या सांगितल्या. जाताना कळलं, सोमवारपासून यायचं आहे.

एसटीतून उतरले ती जवळजवळ पळतच घरी आले. वडील ओट्यावर बसले होते. तळहातावर डी, पी, बी.

"बाबा, नोकरी लागली."

"ते मागून. आधी शब्द."

"इंडिस्पेन्सेबल. ज्याच्याबिगर चालतच नाही असं माणूस."

"वानगी दाखव."

मी त्यांच्याकडेच बोट केलं. त्यांनी मागं वळून पाहिलं, मागं भिंत होती.

"खोटा माल हाये," ते म्हणाले, मोरीत गेले आणि दार लावून घेतलं.

आईनं ताट वाढलं. त्या दिवशी त्यांना हात धुवायला फार वेळ लागला, पण ताट थंड झाल्याचं ती बोलली नाही.