खोड आधी, भाव मागनं

पर्स हातात आली की काकी आधी ती उलटी करायची. अस्तर बाहेर ओढायची, चेन दोनदा पुढेमागे करायची, बंदाची शिवण नखाने चाचपायची आणि मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायची, "खोड आधी, भाव मागनं."

हायवेवरच्या असल्या आऊटलेटमध्ये तुम्हीही कधी ना कधी गेला असाल. सातारा सोडून कराडकडे निघालं की आमचं दुकान लागतं. बाहेर इंग्रजी पाटी, आत काचेच्या फळ्यांवर बड्या बड्या ब्रँडच्या पर्सा आणि त्यांवर मॉलच्या निम्म्या किमतीचं लेबल. एवढी भारी पर्स निम्म्यात कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर आम्ही "जुना स्टॉक" म्हणतो. खरं म्हणजे बऱ्याच पर्सांत काहीतरी बारीक चूक असते. कुठे शिवण वाकडी, कुठे दोन बाजूंच्या रंगात फरक. माल येतो तेव्हा त्या जागेवर नखाएवढा तांबडा स्टिकर असतो. तो काढायचा आणि मगच पर्स फळीवर मांडायची, हा इथल्या नोकरीतला पहिला धडा.

काकीला घेतलं होतं झाडलोटीला आणि खोकी फोडायला. उंब्रजजवळच्या खेड्यातली, पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एका रविवारी दुकानात गर्दी झाली आणि कराडच्या एका डॉक्टरीणबाईंना पर्स दाखवायला कुणी मोकळं नव्हतं. काकी झाडू ठेवून पुढे झाली. "ताई, हिची खोड हितं हाय. आतल्या कप्प्याचं अस्तर आखूड पडलंय. मोबाईल ठेवनार आसाल तर घिऊ नका, पाकीट ठेवनार आसाल तर लय झ्याक हाय." आम्हाला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. डॉक्टरीणबाईंनी ती पर्स घेतली, वर आणखी एक घेतली.

आमचे मॅनेजर पुण्याचे, वयाने तिच्या मुलाएवढे. ते म्हणाले, "काकी, आपण विकायला बसलोय. चुका दाखवायला नाही."

"मग परत घिऊन आल्यावर तुमी काय दाखवनार, सायेब?"

 काकीने विकलेली पर्स कधी परत यायची नाही, हे साहेबांच्याही लक्षात आलं असावं. पुढच्या महिन्यात झाडायला दुसरी बाई आली आणि काकी काउंटरला उभी राहिली.

तिचे वडील बैलांचे हेडी होते, बाजारात दलाली करायचे. हेडी आणि खरं बोलतो, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण काकी सांगायची, औंधच्या यात्रेत तिचे वडील बैल दाखवताना आधी त्याची खोड सांगायचे. मारका असला तर मारका, जू खांद्यावर आलं की खाली बसणारा असला तर बसका. "खोड सांगून इकलेला बैल परत येत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. पर्सची चेन काकी उघडायची तीसुद्धा बैलाचे दात बघितल्यासारखी.

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या बायका वर्षातून दोनदा यायच्या. जैन कुटुंब. पहिल्यांदा आल्या तेव्हा मोठ्या वहिनींना एक तपकिरी पर्स फार आवडली. लेबलावर काहीतरी मोघम इंग्रजी होतं. काकीने पर्स नाकाशी नेली आणि म्हणाली, "वैनी, हे कातडं हाय. लेबलावर काय का लिवलेलं आसंना. तुमाला चालायचं न्हाई, ती पलीकडची रेक्झिनची बघा." तेव्हापासून त्या दारातूनच विचारायच्या, "त्या खोड सांगणाऱ्या बाई आहेत ना आज?"

मी तिची लाडकी होते. मीही उंब्रजकडचीच, त्यामुळे येणंजाणं एकाच गाडीने. डबे आम्ही मागच्या खोलीत खोक्यांवर बसून खायचो. तिथेच तिने मला मुलाचं सांगितलं. तो पलटणीत होता. तिथे त्याला आकडी यायला लागली आणि मुदतीआधी घरी पाठवलं. आता रोज दोन वेळा गोळी होती. गावात तिने सांगितलं होतं की ऊस बघायला घरात कुणी नाही म्हणून पोरगा सोडून आला.

"तुज्याजवळच ऱ्हाऊ दे हे," ती म्हणाली. मी मान हलवली आणि तिने माझ्या डब्यात मेथीची भाजी वाढली.

मुलाचं लग्न शिराळ्याकडच्या मुलीशी ठरत आलं. एके दिवशी काकी रजेवर असताना एक बाई दुकानात आल्या. पर्सा बघत होत्या, पण लक्ष पर्सांत नव्हतं. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमच्यासंगं कामाला हाईत त्यांच्या घरात आमची लेक द्यायचं चाललंय. मानसं कशी हाईत?"

सोयरीक जुळवायच्या आधी अशी चौकशी आपल्याकडे सगळेच करतात. मी म्हणाले, "माणसं चांगली आहेत. काकी तर पर्सची खोडसुद्धा लपवत नाहीत."

"आन पोरगा पलटनीतनं लवकर का आला म्हनं?"

"ते मला नाही माहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं. खोटं बोलताना मला धडधड झाली नाही, पाप वाटलं नाही, काहीच वाटलं नाही. पुढचं गिऱ्हाईक उभं होतं, मी तिकडे वळले. दुसऱ्या दिवशी काकीला सगळं सांगितलं. ती खोकं फोडत राहिली.

"काकी, तुमीच सांगून टाका की त्यास्नी," मी म्हणाले.

"बैल न्हाई गेला तर फुडल्या बाजारात नेता येतो. पोराला कुठल्या बाजारात नेऊ?"

 लग्न झालं. मी जेवून आले. मुलगी चुणचुणीत होती, नर्सिंग शिकलेली. गोळ्यांचं पाकीट हाती लागलं असतं तर तिने नाव वाचून ओळखलं असतं, म्हणून गोळ्या काकीच्या कनवटीला असायच्या आणि त्या चोरून द्याव्या लागायच्या. त्यात एखाद वेळी गोळी चुकली असणार. तिसऱ्या महिन्यात मुलाला सकाळी चहा पितानाच आकडी आली. मुलीने घाबरून न जाता त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली, तो शुद्धीवर येईपर्यंत बसून राहिली. मग बॅग भरली आणि माहेरी गेली.

काकी कामाला येत राहिली. पण आता स्टिकर काढायची आणि पर्स गुमान फळीवर मांडायची. कुणी विचारलं तर "जुना स्टॉक" म्हणायची, आमच्यासारखंच. तिच्या तोंडून ते ऐकताना मला वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त बिलं करत होते.

एक दिवस गाडीत ती म्हणाली, "उद्या शिराळ्याला जाऊन येते. समदं सांगते त्यास्नी." मी सोबत येते म्हणायला हवं होतं. तिने विचारलं नाही आणि मीही म्हणाले नाही. ती पुन्हा कामाला आलीच नाही. मुलाला घेऊन सांगलीला गेली, असं तिच्या दिरांकडून कळलं. फोन बंद होता. मी दोनदाच लावून बघितला, खोटं कशाला सांगू.

वर्षभराने त्या शिराळ्याच्या बाई, मुलीची आई, पुन्हा दुकानात आल्या. मला वाटलं, आता चारचौघांत बोलणार. पण त्यांनी शांतपणे पर्सा बघितल्या. लेकीला दवाखान्यात नोकरी लागली होती, एसटीने जायला-यायला चांगली पर्स हवी होती.

"गेली न्हाई ती परत," त्या आपणहूनच म्हणाल्या. "म्हनती, आजाराला मी भ्याले नसते. फसवून नेलं तिथं नांदायचं न्हाई. सासू आलती की तिची. पायरीवर बसली, पानीबी घेतलं न्हाई. चूक माजी हाय म्हनली."

मी पर्सवरची धूळ पुसत होते.

"मी तिला तुमचंबी इचारलं. म्हनलं, तुमच्या दुकानातल्या त्या पोरीला तरी म्हाईत आसंलच की. तर म्हनली, तिला यातलं कायबी ठावं न्हवतं, तिच्यापासनंबी मी लपवलं. आन आमी मातर घरात तुमच्या नावानं लय बोटं मोडली, बाई. मनावर घिऊ नका."

आणि भर दुकानात त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. खरं सांगायला तेवढीच वेळ होती.

मी "असू द्या" म्हणाले.