हातात अक्षता नसलेला माणूस

कसबा बावड्यात मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. ठरलेला फोटोग्राफर आलाच नाही, म्हणून कॅमेरा बाळगणाऱ्या मला पुढं ढकललं. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला आणि सवयीनं मीही मूठभर अक्षता टाकल्या. कॅमेरा गळ्यातच राहिला. 

बँडमधल्या म्हाताऱ्या क्लॅरिओनेटवाल्यानं ते पाहिलं. त्यानं हात वर करून बँड थांबवला.

"मंडळी, फोटू ऱ्हायलाय. उरलेल्या अक्षता टाका की."

लोक हसले, पण अक्षता पुन्हा पडल्या आणि मी खटका दाबला. केवढं हायसं वाटलं.

वाद्याचं तोंड बाहीला पुसत तो मला म्हणाला, "तुम्ही आता पावणं न्हाय. काम करणाऱ्यानं हात मोकळं ठेवायचं. तीस वर्सं लग्नं वाजवतोय, माझ्या हातनं एक अक्षत पडल्याली न्हाय."

त्या फोटोवरून दुसरं लग्न मिळालं, मग तिसरं, आणि माझी कारकुनीची नोकरी कधी सुटली कळलंच नाही. त्या क्लॅरिओनेटवाल्याचं नाव विचारायचं राहिलं.

पुढं माझ्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफर दुसरा होता. 'सावधान' झालं तरी माझी मूठ मिटलेलीच. त्याचा फ्लॅश उडालेला पाहिला, मगच मी अक्षता टाकल्या.