आबांनी शब्द दिला, दर मात्र मी ठरवायचा

"ठरलं! गाडी घ्यायची ती तुमच्याकडनंच!" असं म्हणून आबांनी सेल्समनच्या हातावर हात मारला. तेव्हा मी कोटेशनचा कागद हातातसुद्धा घेतला नव्हता. चहासुद्धा यायचा होता.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पर्चेस ऑफिसर आहे. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून त्याचे भाग ओतायचा कारखाना आणि पर्चेस म्हणजे त्या कारखान्याला लागेल ते योग्य दरात आणून द्यायचं. माझं गाव गडमुडशिंगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, तर निम्मे लोक विचारत होते, "लगीन ठरलं व्हय पोरीचं?" वडील प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "न्हाय. पास झालीया."

मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. आबा हे दादांचे वडील. वय ऐंशीच्या आसपास, आवाज मात्र भट्टीच्या ब्लोअरवर मात करणारा. घरातली जुनी गाडी ठेंगणी. आबांचं म्हणणं, "बसताना हिरीत उतरल्यागत वाटतंय, आन् वर काढाय दोन गडी लागत्यात." दर पौर्णिमेला त्यांना नृसिंहवाडीला जायचं असतं. म्हणून उंच सीटची नवी गाडी घ्यायचं ठरलं. मॉडेल ठरलं, पांढरा रंग ठरला. कंपनीच्या नावावर आरटीओचा टॅक्स जास्त बसतो, म्हणून गाडी आबांच्या नावावर घ्यायची हेही ठरलं. दर ठरवायचं काम दादांनी माझ्याकडं दिलं.

"सुजाता, ही गाडी नीट घेऊन दाखव," ते म्हणाले. "मग नव्या मोल्डिंग मशीनची खरेदी तुझ्याकडं."

मोल्डिंग मशीन म्हणजे वाळूचे साचे तयार करणारं यंत्र. त्याच्या किमतीत अशा गाड्यांची रांग उभी राहील. तोवर माझ्याकडं हातमोजे, बूट आणि ग्राइंडिंग व्हील एवढंच होतं. हातमोज्यांच्या दरावर घासाघीस करून करून मला कंटाळा आला होता. मला ती मशीनची खरेदी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

म्हणून तयारी केली होती. आमच्या धंद्यात पहिला नियम असा की एकाच सप्लायरच्या दारात जायचं नाही, निदान तीन कोटेशनं हातात ठेवायची. त्यातलं एक मी सांगलीहून मागवलं होतं. तेच मॉडेल, तोच रंग आणि इथल्यापेक्षा चाळीसेक हजारांनी कमी. तो कागद पर्समध्ये घडी घालून ठेवला होता. वेळ आली की टेबलावर अलगद उघडायचा, असा बेत होता.

पण दादा म्हणाले, "आबांना सीटवर बसून बघू दे की." म्हणून आबा बरोबर आले.

ते सीटवर बसलेच नाहीत. आधी सेल्समनकडं वळले. पोरगा तिशीचा, टाय लावलेला, बोलायला गोड.

"पावणं, गाव कंचं?"

"म्हाकवे, आबा. कागल तालुका."

"म्हाकव्यात कुणाचं?"

"पाटलांचं."

"पाटील लई हैत. कंच्या पाटलांचं?"

"तालमीजवळच्या."

"आरं तिच्या! मग बापू पाटील तुमचं कोण?"

"सख्खे आजोबा, आबा."

"घ्या!" आबांनी मांडीवर थाप मारली. "बापूची धाकटी ल्येक आमच्या थोरल्या मेव्हण्याच्या सूनबाई. म्हंजे तू माझा नातूच लागलास की रं!"

आमच्या भागात असंच होतं. पहिल्या प्रश्नाला गाव निघतं, दुसऱ्याला आडनाव, आणि तिसऱ्या-चौथ्याला नातं. एकदा नातं निघालं की माणसाला भीड पडते. पाहुण्याशी घासाघीस करायची कशी? त्यापुढं आबांनी तो शब्द दिला आणि माझ्या पर्समधल्या सांगलीच्या कोटेशनची रद्दी झाली. गाडी इथूनच घेणार हे समोरच्याला कळल्यावर दुसरीकडचा दर दाखवून उपयोग काय? तो हसणार आणि चहा पाजणार.

मी शोरूमच्या बाहेर येऊन दादांना फोन लावला.

"दादा, आबांनी शब्द दिला."

"कुणाला?"

"सेल्समनला. नातं निघालं."

"निघणारच. कुणाकडनं?"

"मेव्हण्याकडनं."

"मेव्हण्याकडनं म्हंजे मोडता येत न्हाय. आबांचा शब्द राहिला पाहिजे."

"आणि दर?"

"दर त्यांनी कुठं ठरवलाय? शब्द आबांचा, दर तुझा. सांगलीच्या वर एक रुपया जायचा न्हाय. गेला तर मशीनसाठी मी दुसरं माणूस बघतो."

आणि फोन ठेवला.

मी पायरीवर उभी राहून विचार केला. सप्लायर एकच आहे, दुसरीकडं जाता येत नाही, अशी वेळ कारखान्यात येत नाही काय? येते. काही स्पेअर पार्ट एकाच कंपनीकडं मिळतात. तिथं 'दुसरीकडं जातो' म्हणून दम देता येत नाही. मग आम्ही ब्रेकअप मागतो. ब्रेकअप म्हणजे एकूण रकमेची फोड. एकेक ओळ घ्यायची आणि विचारायचं, हा आकडा ठरवला कुणी? सरकारनं ठरवला असेल तर सोडून द्यायचा. कंपनीनं ठरवला असेल तरी सोडून द्यायचा. समोर बसलेल्या माणसानं ठरवला असेल, तर खुर्ची पुढं ओढायची.

आत आले तर सेल्स मॅनेजर येऊन बसले होते. शर्ट कडक इस्त्रीचा, चेहरा मॅच जिंकून आल्यासारखा.

"मॅडम, आबांनी तर नक्की केलंय," ते म्हणाले. "आता फक्त फॉर्म भरू. आपलीच माणसं म्हणून फ्लोअर मॅट फ्री देतो."

"मॅट राहू देत," मी म्हणाले. "ऑन-रोडचा ब्रेकअप द्या."

ऑन-रोड म्हणजे गाडी रस्त्यावर आणेपर्यंतचा सगळा खर्च. त्यात गाडीची मूळ किंमत आली, तिला एक्स-शोरूम म्हणतात. ती कंपनीची, इथं काय आणि सांगलीत काय, सारखीच. आरटीओचा टॅक्स सरकारचा. दोन्ही ओळींवर मी टिक केली. मॅनेजरांना बरं वाटलं. मग मी इन्शुरन्सवर पेन ठेवलं.

"हा सांगलीपेक्षा बराच जास्त आहे. मी बाहेरून काढून आणते."

"नाही मॅडम. इन्शुरन्स इथनंच घ्यायला लागतो. रूल आहे."

"बरं. मग तसं लेटरहेडवर लिहून द्या. 'इन्शुरन्स आमच्याकडूनच घेणे सक्तीचे आहे.' खाली सही-शिक्का. मी लगेच पुढं सरकते."

मॅनेजरांनी एसीकडं बघितलं. मग सेल्समनकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमचा बाहेरचा रेट काय आहे? मॅच करून देतो." सक्तीचं आहे असं तोंडानं सांगणारी माणसं लेखी मागितलं की फार लवकर मऊ होतात. हे मी हातमोज्यांच्या खरेदीत शिकले. वाया काहीच जात नाही.

पुढची ओळ अ‍ॅक्सेसरीज किट. तोवर आबांना रस वाटायला लागला होता.

"किट म्हंजे काय हाय त्यात?"

"दारांना क्रोमची पट्टी, हँडलला क्रोम, मागं क्रोम..." सेल्समन सांगायला लागला.

"क्रोम म्हंजे चमकी? बेंदराला बैलाच्या शिंगाला बेगड लावत्यात तसं?"

"तसंच म्हणा आबा."

"मग नको. बेंदूर वर्सातनं एकदा असतोय."

किट गेलं. आता मी भराभर बेरीज केली. सांगलीच्या अगदी जवळ आलो होतो. वर फक्त एक ओळ राहिली होती : हँडलिंग चार्जेस, साडेआठ हजार. ती गेली की मी सांगलीच्या खाली, राहिली की वर. माझं मोल्डिंग मशीन त्या ओळीवर अडकलं होतं.

"हे काढा," मी म्हणाले.

"ते निघत नाही मॅडम. सगळे कस्टमर देतात."

"सगळे देतात हे कारण झालं नाही. कशाचे आहेत सांगा."

"गाडी यार्डातून इथं आणायची, धुवायची, पुसायची..."

"ते तुमच्या धंद्याचं काम आहे. आम्ही ओतलेलं कास्टिंग गिऱ्हाईकाला पाठवतो तेव्हा ते पुसल्याचे पैसे लावत नाही."

"सॉरी मॅडम." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "आबांनी शब्द दिलाय, आता साडेआठ हजारांसाठी कशाला ताणता?"

खरं सांगायचं तर माझ्याकडचं संपलं होतं. उठून जाता येत नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात आबा सेल्समनकडं वळले. "नातवा, हे यार्ड कुठं हाय म्हणायचं?"

"उचगावच्या पुढं, आबा."

"मग आमी जातो की तिथं. आमच्या घराच्या वाटंवरच हाय. चावी दे, ड्रायव्हर आणंल घरला. धुवायचं म्हणशील तर म्हशी धुतोय, गाडी धुवाय काय जड हाय?"

"तसं चालत नाही आबा," मॅनेजर मध्ये बोलले.

"तुमास्नी न्हाय इचारलं पावणं, घरचं बोलणं चाललंय." आबांनी खिशातून मोबाइल काढला आणि डोळ्यांपासून लांब धरला. "बापूला सांगतो. म्हणावं, नातवाकडं गाडी घेतली. पोरगं गुणाचं हाय. गाडी पुसायचं तेवढं साडेआठ हजार लावलं, बाकी काय न्हाय."

सेल्समन खुर्चीतून उठलाच. "आबा, फोन नको!"

"का रं? चांगलंच सांगणार हाय."

"आबा, पाया पडतो." आणि तो मॅनेजरांकडं वळला. "सर, काढून टाका हो. आजोबा पारावर बसत्यात. सांजच्याला सगळ्या गावात होईल. मला जत्रंला घरी जायचं असतंय, सर."

मॅनेजरांनी टोपण परत काढलं. हँडलिंगच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मी बेरीज केली. सांगलीच्या खाली आलो होतो, थोडं का होईना.

आबांना चव लागली होती. "आता ही वॉरंटीबी खोडा," ते म्हणाले. तिथं मी त्यांना अडवलं. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे कंपनीची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं दुरुस्तीची हमी. ती आम्हाला उपयोगाची होती आणि त्यावर सेल्समनला चार पैसे इन्सेंटिव्ह मिळतो. सप्लायरला पार पिळून खरेदी करायची नसते. पिळलेला सप्लायर पुढच्या खेपेला फोन उचलत नाही. वॉरंटी ठेवली. पोराच्या तोंडावर रंग परत आला.

परत येताना गाडीत आमचं भांडण झालं. मी म्हणाले, ब्रेकअप मागितला म्हणून जमलं. आबा म्हणाले, नातं काढलं म्हणून जमलं.

"आबा, तुमच्या नात्यानं तर मला आधी अडकवलं."

"आन् सोडवलं कुणी? अगं, नातं एका बाजूनं असतंय व्हय? माझा पाय अडकला तसा त्येचाबी अडकला."

मी हिशेब मांडून दाखवला : इन्शुरन्स आणि किट माझं, त्यांचं फक्त हँडलिंग. बेगड कुणी म्हटलं, असं त्यांनी विचारलं. किट त्यांच्या खात्यावर गेलं.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सेल्समनचा फोन आला. आमच्यासाठी ठरलेली गाडी यार्डात बरेच दिवस उन्हात उभी होती, म्हणून त्यानं स्वतः खटपट करून ताज्या लॉटमधली बदलून घेतली होती. "आबांना सांगू नका मॅडम," तो म्हणाला. हे कुठल्याच ब्रेकअपमध्ये बसत नाही. मी आबांना सांगितलं. तो पोरगा दुसऱ्या दिवशी चावी द्यायला आला तेव्हा त्याला जेवायचं निमंत्रण तयार होतं.

दादांनी सांगलीचा आणि इथला, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. बघितले म्हणजे शेवटची ओळ बघितली. "मशीन तुझं," ते म्हणाले. "पण बोलणी करायला आबांना नेऊ नकोस."

तेव्हापासून मी नव्या पोरांना एवढंच सांगते. सप्लायर एकच असला तरी घाबरायचं नाही, फोड मागायची. आणि बरोबर वडीलधारं माणूस असेल तर त्याला मधे बोलू द्यायचं, पण ब्रेकअपच्या आधी नाही, नंतर.

मशीनचा सप्लायर कोइमतूरचा आहे. मला वाटलं, इथं तरी मोकळेपणानं बोलता येईल. परवा आबा ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले. चहा प्याले. मग म्हणाले, "कोइमतूर म्हंजे बंगळूरच्या खालतीच न्हवं? आमच्या भावकीतला एकजण गूळ घिऊन जायचा तिकडं. त्या मशीनवाल्याचं आडनाव काय म्हणालीस?"