पाठीवरची बॅग गेल्यावर

सीमाभागातल्या खानापूरच्या बाजारात नीलमचा फोटो स्टुडिओ आहे. बारा वर्षं तिनं लग्नं, बारशी टिपली ती पाठीवर आठ किलोंची बॅग वागवत. कार्यक्रमाला पोचली की आधी बॅग ठेवायला कोपरा शोधायची आणि चोरीच्या धास्तीनं दिवसभर त्याच्या आसपास राहायची. मोठ्या लेन्सनं लांबची माणसं जवळ ओढता येत, त्यामुळं कधी अडलं नाही.

दिवाळीनंतर मणक्यातली चकती सरकली. पाठीवर ओझं घ्यायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. मग लष्कराच्या कॅम्पातल्या एका शिंप्याकडून तिनं जाड पट्टा शिवून घेतला. कमरेला दोन छोट्या लेन्स, छातीशी आवळलेला कॅमेरा. मोठी लेन्स कपाटात गेली. सुरुवातीला तिला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. ठेवायला काही नाही, तर थांबायचं कुठं? मग ती चालत राहायची, माणसांच्या हातभर अंतरावरून.

एप्रिलात नंदगडकडच्या एका गावातून भावकू आले. सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांचा चुलत भाऊ वारला होता आणि त्याची बायको मनुबाई हिनं त्यांच्याशी चाललेल्या बांधाच्या वादात सरकारी मोजणी मागवली होती.

"समोरची माणसं काय करत्यात तेवढं टिप," ते म्हणाले. "हद्दीचा दगड हलवायला कमी न्हाय करायची."

मोजणीच्या दिवशी सकाळपासून शेतात माणसं जमली. एका बाजूला मनुबाई आणि तिच्या माहेरचे चौघे, दुसऱ्या बाजूला भावकू, त्यांचा मुलगा रविराज आणि भावकी. दोघा-तिघांच्या हातात कोयते होते. सर्वेयर कन्नडमध्ये आकडे सांगत होता, त्याचा माणूस ते लिहून घेत होता. जुना दगड काही सापडत नव्हता.

नीलम दोन्हीकडून फिरत राहिली. डोळ्याला कॅमेरा नसल्यामुळं तिला हातपाय दिसत होते. मनुबाईची मूठ पदरात आवळलेली. कुणाचा तरी अंगठा कोयत्याच्या मुठीवर सारखा वर-खाली होत होता. आणि रविराज मघापासून एकाच जागी उभा होता. सगळे सरकत होते, हा नाही. त्याच्या पायाखाली भाताचं पिंजर, म्हणजे वाळला पेंढा, पसरलं होतं. शेतात दुसरीकडं कुठंच पिंजर नव्हतं.

काम कुणी दिलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी चार पावलं पुढं होऊन तिनं छातीशीच बटण दाबलं.

रविराजनं खटका ऐकला. "काय काढलीस गं?"

"पाय बाजूला घे, रविराज."

त्यानं झडप घालून पट्टा धरला. पट्टा तिच्या अंगालाच बांधलेला, त्यामुळं हिसक्यासरशी ती त्याच्यावर ओढली गेली. मनुबाईचे भाऊ धावले. भावकीतल्या एकानं कोयता वर केला. नीलमला रविराजचा श्वास गालावर जाणवत होता.

"सोड तिला," भावकू म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "पाय काढ, रविराज."

तो बाजूला झाला. सर्वेयरच्या माणसानं पिंजर सारलं. खाली दगड होता. हद्द भावकूंच्या नांगरटीत सात-आठ पावलं आत निघाली; तेवढी जमीन मनुबाईची होती. कोयते खाली गेले, पण एकमेकांकडं कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर नीलमनं फोटो मोठा करून पाहिला. छोट्या लेन्समध्ये बरंच काही मावलं होतं. समोर रविराजचा पाय, पिंजराखालून डोकावणारा दगडाचा कोपरा आणि मागं भावकू. ते सर्वेयरकडं बघत नव्हते. मुलाच्या पायाकडं बघत होते.

त्या गावातून पुन्हा काम आलं नाही. जूनमध्ये मात्र भावकू स्वतःच दुकानात आले.

"त्यो फोटो बघू."

तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. ते वाकून फोटोतल्या स्वतःकडं बघू लागले.

"आप्पा, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"व्हय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मनुबाई दगड कुठं हाय म्हून विचारायला आलती, तवाबी ठाऊक होतं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"याची एक प्रत दे. मोठी."

"कशाला, आप्पा?"

"मनुबाईला दाखवायची हाय. पोरावर एकट्यावर आळ नगो."

तिनं प्रत काढून पाकिटात घातली. पाकीट हातात धरून ते नंदगडच्या बसला गेले.