आधी पडदा

ग्वाल्हेरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर खासगी बाजार या भागात राहणाऱ्या एक मराठी आजी होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. सकाळी डॉक्टर शिकाऊ मुलांचा घोळका घेऊन आले आणि पोट तपासायला आजींची चादर उचलू लागले. आजींनी ती घट्ट धरली.

"पहले पर्दा, डॉक्टर साहब. और बच्चों को दिखाना हो तो मुझसे पूछिए."

डॉक्टर जरा ओशाळले, पण त्यांनी विचारलं. आजींनी ऐटीत मान हलवली, तेव्हाच पडदा सरकला.

"मीठा तो नहीं खातीं?" आतून डॉक्टरांचा आवाज आला.

"बिलकुल नहीं," सोबतीला असलेली आजींची सून घाईनं म्हणाली.

"खाती हूँ. रोज." आजींच्या उशीखालचा मिठाईचा डबा खडखडला. सून कुजबुजली, "आई, कशाला सांगता?"

"अगं, त्यांनी मला विचारलं ना? मग मी खरं सांगायला नको?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या खाटेशी आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच पडदा ओढला आणि विचारलं, "गोलियाँ ले रही हैं?"

रोज मी खोटंच हो म्हणायचे.

"नहीं, उनसे चक्कर आते हैं," मी मान ताठ ठेवून सांगितलं.

पडद्यापलीकडून आजींचा आवाज आला, "शाबास!"