केकवरचं तुळशीचं पान
व्हॅनिलाच्या बाटलीचं बूच उघडलं की मला सासरच्या, कोरीट गावातल्या घरातली चूल आठवते. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सुरतेला माहेरी खाल्लेल्या वाटीएवढ्या मऊ केकची चव जिभेवरून जात नव्हती, आणि एके दिवशी नंदुरबारच्या भांड्यांच्या दुकानात झालरीसारख्या कडांच्या पत्र्याच्या इवल्या वाट्या दिसल्या, शेजारीच व्हॅनिलाची बाटली. मी आणि थोरल्या जाऊबाईंनी हरखून डझनभर वाट्या आणि ती बाटली घेतली. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून मळ्यातली पिकलेली केळी कुस्करून पिठात घातली, पातेल्यात वाळू तापवली, झाकणावर निखारे ठेवले. वाट्यांतून सोनेरी टेंगळं वर आली तशा आम्ही दोघी पोरींसारख्या हसत सुटलो. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "यामा आंडं ते नई शे ना?" "नई, आपला मळानं केळं शे," मी चाचरत म्हणाले. त्या हातही न लावता निघून गेल्या आणि मी हातातला केक परत ताटात ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, "अवं, आज त्यासनी एकादशी शे. दोन झाकी ठेव." सकाळी बघते तर देवापुढे केक, त्यावर, द्वादशीला तुळस खुडत नाहीत म्हणून आदल्या दिवशीच खुडून ठेवलेलं तुळशीचं पान. सासूबाईंनी त्याच केकवर उपवास सोडला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आज नात कपकेकवर ठेवायला चेरी शोधते आहे. मी तिला म्हटलं, पहिल्यावर चेरी नको, कुंडीतलं तुळशीचं पान आण.