आतोबा आणि अँबॅसिडरचं नाक

आजवर रस्त्यावर उतरलेल्या प्रत्येक अँबॅसिडरला आमचे आतोबा चेहऱ्यानं ओळखतात, असं माझं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले, सोलापुरात जन्मभर सायकलवर फिरले, आणि गाडी चालवायला शिकावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. गाडी चालते, हा त्यांच्या लेखी तिचा एक किरकोळ गुण. ती बघायची उभी असताना. तांदूळ निवडणारी बाई जसा खडा टिपते, तसा ते जुन्या गाडीच्या पत्र्यातला परका तुकडा टिपतात. कुठल्या सालच्या दिव्याची कडी चपटी होती, बॉनेटची घडी कधी बोटभर पुढं सरकली, हे त्यांच्याकडून ऐकताना आपल्याला डोळे नुसते चष्मा अडकवायला दिलेत अशी खात्री पटते.

गाडीच्या अवयवांना ते माणसाचीच नावं देतात. पुढची जाळी म्हणजे नाक, दिवे म्हणजे डोळे, मडगार्ड म्हणजे गाल. "काल सात रस्त्याला एक दिसली. बिचारीचा डावा गाल दुसरीचा होता," असं ते जेवताना हळहळून सांगतात, तेव्हा नव्या पाहुण्याचा घास तोंडाजवळच थांबतो. वरातीत सगळे नवरीकडं बघत असतात आणि आतोबा फुलांच्या माळा बाजूला सारून डिकीची कड तपासत असतात. आत्याला विचारलं तर ती म्हणते, "आमच्या लग्नात बी ह्यांनी आधी गाडी बघितली, मग मला. आणि गाडीच जास्त आवडली."

एकदा विजापूर वेशीत एक जुनी टॅक्सी उभी होती. आतोबांनी सायकल लावली, टॅक्सीला प्रदक्षिणा घातली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "मागचा उजवा दरवाजा हिचा नव्हे." तो उखडलाच. "क्या बाताँ करते चाचा! अब्बाची गाडी हाय ही. मी हिच्यातच मोठा झालो." आतोबांनी दरवाजाच्या खालच्या कडेवरनं बोट फिरवलं, "ही पन्हळ पुढच्या सालापासून आली," एवढंच म्हणाले आणि सायकलवर टांग मारली. आठवड्याभरानं तोच माणूस पत्ता शोधत घरी आला, हातात पेरूंची पिशवी. "अब्बा बोले, बराबर हाय. माझ्या पैदाइशच्या आधी ट्रकनं ठोकलं होतं." आपलं बरोबर निघालं याचं आतोबांना काहीच वाटलं नाही. पेरू मात्र त्यांनी आवडीनं खाल्ले.

पत्र्याच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची भीड धरली नाही. साहेबांच्या गाडीचं बॉनेट परकं आहे, असं साहेबांच्याच तोंडावर सांगून त्यांनी बदली ओढवून घेतली होती. 'चुकलं असेल माझं' एवढं म्हटलं असतं तरी ती टळली असती. ते म्हणाले नाहीत. आत्यानं दोन वर्षं एकटीनं घर सांभाळलं आणि रोज त्या बॉनेटला शिव्या घातल्या.

अशा माणसाला घेऊन आम्ही मोडनिंबला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील आडत व्यापारी, आणि अंगणात त्यांची पांढरी अँबॅसिडर. झालं! आम्ही आत जाऊन बसलो, आतोबा अंगणातच. पोहे आले, मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, आणि मला ती इतकी आवडली की पोह्यांत मीठ नव्हतं हे मला आत्यानं परतीच्या वाटेवर सांगितलं. तेवढ्यात आतोबा रुमालाला हात पुसत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाकी सगळं अस्सल आहे. फक्त नाक मूळचं नाही. काम सुबक आहे, पण नंतर बसवलंय."

मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलीची चुलती कडाडली, "आवो, आमच्या पोरीचं नाक जल्मापासनं असंच हाय!" आत्यानं कपाळावर हात मारून खुलासा केला की हे गाडीचं चाललंय. सगळे पोट धरून हसले. हसले नाहीत ते मुलीचे वडील. "गाडीचं? आमच्या वडलांनी आनल्यापासनं तिला दुसऱ्या कुनाचा हात लागल्याला न्हाय. घरात बी सगळ्यास्नी ताकीद हाय." ट्रेमधले कप वाजायला लागले. मुलगी पांढरी पडली होती. वडील गावाला गेलेले असताना तिनं चोरून गाडी बाहेर काढली होती, चिंचेवर घातली होती, आणि सोलापुरातून दुसरी जाळी आणवून बसवून घेतली होती. हे मला लग्नानंतर कळलं; तेव्हा पोरगी कशाला तरी घाबरलीय एवढंच दिसलं. पण आतोबांना सगळं त्या क्षणी, त्या वाजणाऱ्या कपांवरून कळलं.

ते अंगणात गेले, गाडीपुढं उकिडवे बसले आणि परत आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "चष्म्यानं घोटाळा केला. नाक मूळचंच आहे."

मी आणि आत्या एकमेकांकडं बघत राहिलो. बदली पत्करली पण जो शब्द काढला नाही, तो या माणसानं एका अनोळखी पोरीसाठी चारचौघांत सहज काढून दिला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "बगा, मी म्हनलं नव्हतं!" म्हणत सासरे खुलले, आणि बैठक संपायच्या आत लग्न ठरलं.

सासरे गेले आणि ती गाडी आता आमच्या दारात आली आहे. आतोबांनी ऐंशी ओलांडली. येतात, छतावरनं, दारांवरनं हात फिरवतात, पण पुढच्या बाजूला कधी जात नाहीत. परवा माझी बायको त्यांना म्हणाली, "आतोबा, आता आमचे अण्णा न्हाईत. खरं सांगितलंत तरी चालतंय की."

आतोबा पुढं गेले. जाळीच्या कडेवरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "काय सांगायचं पोरी? इतकी वर्षं हितं नांदलं. आता ते मूळचंच की."

चहा टाकते म्हणून बायको आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.